अंगणातली आगगाडी बॅटरीवर

कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी १९९८ साली खुलं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं आणि आपण बिघडलो ते बिघडलोच. पण अंगणात पळवायची तर गाडी मोठी हवी: ४५ मिलिमीटर रुंदीचा रूळ, जर्मनीच्या एलजीबीने १९६८ पासून घराघरांत नेलेला.

अडचण एकच. या गाड्यांना वीज रुळांतून मिळते. आमच्या भिगवणात एकीकडे उजनीचं पाणी, दुसरीकडे धूळ. पितळी रुळावर काळपट थर बसतो नि इंजिन आचके देतं. रूळ घासायचे की गाडी चालवायची?

म्हणून बॅटरी. आधी चाकांकडून मोटरला येणाऱ्या तारा तोडा. हे विसरलात तर बॅटरीची वीज उलटी रुळांत उतरते, आणि सांध्यावर शॉर्ट! मग चार लिथियम-आयन सेल एकामागोमाग जोडून १४.८ व्होल्ट, सोबत बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) आणि फ्यूज (इथे कंजुषी नको). पुढे रिमोटचा २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर आणि मोटरच्या करंटला पुरेल असा स्पीड कंट्रोलर. इंजिनात जागा नाही? बॅटरी मागच्या मालडब्यात ठेवा, मध्ये प्लग.

चार्जिंग मात्र डोळ्यांसमोरच करायचं, रात्रभर लावून झोपायचं नाही.