धक्का लागताच बंद पडणारा संगणक : दोष शोधावा कसा?

टेबलाला गुडघा लागतो किंवा केर काढताना कॅबिनेट किंचित सरकते आणि चालू असलेला संगणक क्षणात बंद पडतो. पुन्हा सुरू केल्यावर तो सुरळीत चालतो, म्हणून या घटनेकडे बहुधा दुर्लक्ष होते. वस्तुतः सुस्थितीतील डेस्कटॉप संगणक एवढ्या हलक्या धक्क्याने बंद पडत नाही. धक्क्यामुळे आतील एखादी सैल जोडणी उघड होते, इतकेच.

संगणकाचे बहुतेक भाग एकमेकांत खोचलेले असतात. डीडीआर-४ प्रकारच्या एका रॅमपट्टीला २८८, तर मदरबोर्डच्या मुख्य वीजजोडणीला २४ संपर्कबिंदू असतात. रोजच्या तापण्या-निवण्याने, धुळीने व दमटपणाने हे संपर्क कमकुवत होतात. त्यांपैकी एकही क्षणभर सुटला, तर संगणक थांबू शकतो.

प्रथम माहितीची प्रत

दुरुस्तीपूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत अन्यत्र काढून ठेवावी. हार्ड डिस्कमधील तबकड्या साधारणपणे मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि वाचन-लेखन करणारे टोक त्यांच्यापासून केवळ काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. चालू स्थितीत बसलेला धक्का तबकडीला इजा करू शकतो. एसएसडीत फिरते भाग नसल्याने हा धोका नसतो. मात्र तिचीही केबल सैल होऊ शकते.

लक्षणे काय सांगतात?

संगणक एकदम बंद पडून स्वतःच पुन्हा सुरू झाला, तर संशय वीजपुरवठ्यावर किंवा रीसेट बटणावर घ्यावा. निळा पडदा दिसल्यास रॅम, डिस्क वा ग्राफिक्स कार्ड तपासावे. पडदा काळा होऊनही आवाज चालू राहिला, तर मॉनिटरची केबल किंवा ग्राफिक्स कार्ड सैल असण्याची शक्यता अधिक. पुन्हा सुरू करताना डिस्क सापडत नसल्याचा संदेश आला, तर तिच्या केबलकडे लक्ष द्यावे.

तपासणीचा क्रम

आरंभ बाहेरून करावा. भिंतीवरील सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड आणि कॅबिनेटमागील वीजकेबल घट्ट आहेत का, हे पाहावे. त्यानंतर संगणक बंद करून प्लग काढावा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे आणि कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. मगच झाकण उघडावे.

रॅमपट्ट्या काढून दोन्ही टोकांच्या कड्या बसेपर्यंत पुन्हा दाबून बसवाव्यात. संपर्क खोडरबराने घासण्याची पद्धत रूढ असली, तरी त्याने सोनेरी मुलामा झिजतो; आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ कापड अधिक योग्य. ग्राफिक्स कार्डाचा स्क्रू, वीजजोडण्या व साटा केबली तपासाव्यात. मदरबोर्डखाली एखादा सुटा स्क्रू अडकला असल्यास धक्क्याने शॉर्ट सर्किट होऊ शकते. रीसेट बटणाची तार मदरबोर्डवरून काढून ठेवली, की तो संशयही मिटतो.

एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा नेमका दोष कळत नाही. धक्का देऊन पाहायचे असल्यास हार्ड डिस्कच्या दोन्ही केबली आधी काढाव्यात. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ ही रॅम-चाचणी चालवावी आणि टेबलावर हलकेच टिचकी मारावी. तरीही संगणक बंद पडला, तर दोष डिस्कमध्ये नाही हे सिद्ध होते. चाचणी निर्विघ्न चालली, तर डिस्क व तिच्या केबलींवरील संशय बळावतो. त्यांपैकी स्वस्त असलेली केबल प्रथम बदलावी.

येथे थांबावे

एवढे करूनही दोष कायम राहिला, तर मदरबोर्डच्या डाखकामाला सूक्ष्म तडा गेलेला असू शकतो. ते काम जाणकार तंत्रज्ञाचे आहे. एसएमपीएसची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरांत घातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

अनेकदा अशा दुरुस्तीला नवा सुटा भागही लागत नाही. सैल जोडणी नीट बसवणे पुरेसे ठरते. परंतु दुर्लक्षित धक्क्यांत हार्ड डिस्क निकामी झाली, तर छायाचित्रे, हिशेब व कागदपत्रे परत मिळतीलच याची शाश्वती नसते.