दिवस राहत नाहीत? दोघांनी मिळून जा

आमच्या गटातल्या एकीने मुलासाठी तीन वर्षं उपासतापास केले. तपासणी एकदाही नाही. नवऱ्याची तर नाहीच.

मूल हवं म्हणून वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, तर दवाखाना गाठा. तुमचं वय 35च्या पुढे असेल, तर सहा महिन्यांतच. आधी आशाताईंशी बोला. त्या आरोग्य केंद्राची वाट दाखवतील. पाळीच्या तारखा लिहून न्या. कारण पुरुषातही असू शकतं, म्हणून नवऱ्याची वीर्यतपासणी सुरुवातीलाच करून घ्या. ती सोपी असते. फॉलिक ॲसिडची गोळी दिवस जाण्याआधीपासून घ्यायची असते, तीही मागा.

आणि बायांनो, हळदीकुंकवाला अशा मैत्रिणीला वगळू नका. तिला आधी बोलवा.