उंट : मरुभूमीतील युद्धांचा आधार

इ. स. पूर्व ८५३ मध्ये कर्कर येथे असीरियाचा सम्राट तिसरा शाल्मनेसर याच्याविरुद्ध जो राजसंघ उभा ठाकला, त्यात गिंदिबू नावाचा अरब अधिपती १००० उंटांनिशी हजर होता, अशी नोंद त्या सम्राटाच्याच शिलालेखात आहे. पुढे निनवे येथील असुरबनिपालाच्या राजवाड्यातील शिल्पपटांत एका उंटावर दोन अरब दिसतात. पुढचा जनावर हाकतो आहे आणि मागचा, पाठलागावरील स्वारांकडे वळून, धनुष्य ताणतो आहे. सायरसने लिडियाचे घोडदळ उंटांच्या नुसत्या वासाने उधळून लावले, ही हिरॉडोटसची कथा सर्वश्रुत आहे. परंतु माझ्या मते या सोशिक प्राण्याची खरी कामगिरी रसदेच्या खात्यातच जमा व्हावयास हवी. इ. स. पूर्व ५२५ मध्ये इराणी बादशहा कँबिसिस इजिप्तवर चालून गेला, तेव्हा अरबांच्या राजाने उंटांच्याच कातड्याच्या पखाली पाण्याने भरून, त्या जिवंत उंटांवर लादून, निर्जल प्रदेशात त्याच्या फौजेची वाट पाहिली, असे तोच इतिहासकार सांगतो. ही तजवीज झाली म्हणूनच फौज वाळवंट ओलांडू शकली आणि त्याच वर्षी इजिप्त इराणी अंमलाखाली गेले.