बेरजेचा नव्हे, गुणाकाराचा खेळ

अर्थशास्त्राच्या वर्गात श्रमविभागणी शिकविताना ॲडम स्मिथच्या टाचण्यांच्या कारखान्याचा दाखला आम्ही अध्यापक वर्षानुवर्षे देत आलो आहोत. प्रत्येकाने आपल्या वाट्याचे काम करावे आणि उत्पादनाची बेरीज वाढावी, हे त्याचे सार. परंतु काही कामांत श्रमांचा गुणाकार होतो. आणि गुणाकारात एक शून्य आले की सारेच शून्य होते. याचे बोलके उदाहरण मला फुटबॉलच्या मैदानावर सापडते.

इटलीतील मिलान संघाची सूत्रे १९८७ साली आरिगो साक्की यांच्याकडे आली. हे गृहस्थ स्वतः कधी व्यावसायिक खेळाडू नव्हते. वडिलांच्या पादत्राणांच्या व्यवसायात त्यांनी काम केले होते. इटलीची तोवरची परंपरा बचावाची: प्रतिस्पर्ध्याच्या एकेका खेळाडूस एकेकाने जखडावे आणि सर्वांच्या मागे एक मोकळा रक्षक ठेवावा. साक्कींनी ही घडी मोडली. बचावास चार, मध्ये चार आणि आघाडीस दोन अशा तीन ओळी त्यांनी आखल्या आणि पहिल्या व शेवटच्या ओळीत सुमारे २५ मीटरच अंतर राखण्याचा आग्रह धरला. मैदानाची लांबी तर शंभर मीटरांहून अधिक. मग उरलेल्या जागेचे काय?

येथे ऑफसाइडचा नियम कामास आला. बचावफळी मध्यरेषेकडे सरकली की तिच्या पाठीमागे उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू देणे व्यर्थ ठरते. एवढे थोरले मैदान त्याच्यापुरते अरुंद पट्ट्याएवढे उरते. त्या पट्ट्यात ज्याच्या पायाशी चेंडू, त्याच्यावर जवळचा खेळाडू धावून जाई, बाकीचे त्याच्या सहकाऱ्यांच्या वाटा अडवीत आणि चेंडू त्याच्याच हद्दीत हिसकावला जाई. जागेची ही कृत्रिम टंचाईच होय! मात्र आघाडीवीर धावले आणि बचावफळी मागे रेंगाळली, तर मध्ये रान मोकळे. बचावफळी पुढे आली आणि आघाडीवीर उभे राहिले, तर तिच्या डोक्यावरून लांब चेंडू टाकण्यास प्रतिस्पर्ध्याला सवड. नऊ जणांची धाव दहाव्याच्या आळसाने फुकट जाते.

यावर कोणी म्हणेल की, रूड गुलिट आणि मार्को व्हान बास्टेन पदरी असताना कोणतीही पद्धत यशस्वी झाली असती. ही शंका खुद्द त्या दोघांनाही होती. साक्कींनी तिचे निरसन मैदानावरच केले. गोलरक्षक व चार बचावपटू एका बाजूस. गुलिट, व्हान बास्टेन यांच्यासह दहा जण दुसऱ्या बाजूस. मुदत पंधरा मिनिटांची. साक्कींच्या सांगण्यानुसार हा प्रयोग वारंवार करूनही त्या दहांना गोल करता आला नाही. एप्रिल १९८९ मध्ये युरोपीय चषकाच्या उपान्त्य सामन्यात याच संघाने रेआल माद्रिदला ५-० असे हरविले, आणि ते पाच गोल पाच निरनिराळ्या खेळाडूंचे होते. तो चषक मिलानने १९८९ आणि १९९० अशी दोन्ही वर्षे जिंकला.

या यशाचे मोलही मोजावे लागले. अखंड सराव खेळाडूंना जाचक वाटे. व्हान बास्टेनशी साक्कींचे खटके उडत. १९९१ साली ते गेले. तथापि पुढच्याच हंगामात, फाबिओ कापेल्लो यांच्या हाताखाली, मिलान एकही सामना न हरता इटलीचा विजेता ठरला. अंगवळणी पडलेली शिस्त शिस्त लावणाऱ्याच्या पश्चातही टिकते, असाच याचा अर्थ मी लावतो.

आपल्या कार्यालयांत आणि महाविद्यालयांत गुणाकाराची कामे थोडी नाहीत. नऊ टेबलांवरून वेळेवर सरकलेला कागद दहाव्यावर अडला, की अर्जदाराच्या हाती काहीच पडत नाही. एका परीक्षकाचे गठ्ठे राहिले, की सर्वांचा निकाल लांबतो. यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे परिपत्रक. साक्कींनी मात्र नामवंतांनाही आज्ञा देऊन भागवले नाही. त्यांची शंका खरी मानली आणि प्रत्यक्ष करून दाखविले. दहाव्या माणसाने का धावावे, हे त्याला पटवून देण्याचे कष्ट आपल्याकडे कोण घेतो?