कामठीची निगा

दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेला तीरकामठा आता धुळ्यात कुणाला नवा नाही. देवपुरातल्या बंगल्यांत, एखाद्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, हॉटेलाच्या गल्ल्यामागे तो दिसतो. दोरी ताणलेली, दोन तीर फुलीसारखे लावलेले, वरून वॉर्निशचा जाड हात. शोभेची वस्तू म्हणून त्यात काही वावगे नाही. पण कामठी म्हणून, म्हणजे भिल्लांचे धनुष्य म्हणून, तिचे दिवस तिथेच भरतात, आणि त्याला कारण होते ती कायमची चढवून ठेवलेली दोरी.

या कामठीचा मुलूख इथून लांब नाही. पांझरा ओलांडून देवपुरात आलेला आग्रा रोड पुढे शिरपूर, पळासनेर करत सेंधव्याच्या घाटाला भिडतो. याच घाटाच्या राखणीवर एकेकाळी खाज्या नाईक हा भिल्ल पुढारी होता. पुढे तोच इंग्रजांवर उलटला आणि ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला भिल्लांची इंग्रजी फौजेशी लढाई झाली. त्याच्या तेहतीस वर्षे आधी, १८२५मध्ये, जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला खानदेश भिल्ल कोअर उभी केली होती. ज्यांच्या तिरांची धास्ती होती त्यांच्याच हाती बंदूक द्यायची आणि त्यांनाच बंदोबस्ताला लावायचे, अशी ती युक्ती. लढाईतली कामठीची जागा तेव्हापासून आक्रसत गेली. शिकारीतली जागा कायद्याने गेली: १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीचीही वाट बंद झाली. ते योग्यच झाले. यावल आणि अनेर धरणाच्या अभयारण्यांत जे काही उरले आहे, ते तिराच्या टप्प्यात येऊ नये. मात्र शिकार थांबली म्हणून कामठी ओढणेच थांबले, तर ती बनवण्याची आणि सांभाळण्याची विद्याही त्याबरोबर जाईल. काळजी वाटते ती याची.

ही कामठी दिसायला अगदी साधी. सातपुड्यातल्या भरीव बांबूची, म्हणजे मानवेलीची, उभी चिरलेली कांब. मधे मूठ जाड, दोन्ही टोकांकडे निमुळती होत गेलेली. जुन्या पद्धतीच्या कामठीत दोरीसुद्धा बांबूचीच असते. सालीकडची लांब पातळ पट्टी काढायची, तासून गुळगुळीत करायची आणि दोन्ही टोकांना गाठ मारून कांबेवर चढवायची. सुताची दोरी ओलाव्याने आणि ओढीने कमी-जास्त होते. बांबूची पट्टी जवळजवळ ताणली जातच नाही. त्यामुळे हाताने दिलेला जोर दोरीत मुरत नाही, तिराला मिळतो. आता नायलॉनची दोरी सर्रास दिसते. ती टिकते खरी, पण गाठीपाशी कांबेला कापते. तिथे कापडाची चिंधी गुंडाळावी लागते.

कामठीची निगा बांबू तोडण्यापासूनच सुरू होते. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा बांबू कोवळा असतो, वाळला की सुरकुततो. निदान तीन वर्षांचा हवा. पावसाळ्यात वाढीच्या भरात तोडलेल्या बांबूत पिठूळ सत्त्व फार असते आणि भुंग्याला तेच हवे असते. भुंगा आत शिरला की बाहेर टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसते आणि खाली पिवळसर भुकटी सांडत राहते. कांब आतून पोखरली जाते आणि एक दिवस ओढताना कटकन जाते. म्हणून तोड हिवाळ्यात. ती अमावास्येच्या अंधाऱ्या पाखात करावी असेही जाणती माणसे सांगतात. चंद्राचे काय ते चंद्र जाणे, ऋतूचे मात्र खरे आहे. तोडलेली कांब सावलीत वाळवायची आणि पुढे चुलीच्या वर, आढ्याला, धुरात ठेवायची. धुराने भुंगा लांब राहतो. गॅस आला, सिमेंटची घरे आली आणि कांबेची ही फुकटची राखण संपली.

बांबूचे बळ त्याच्या सालीत असते. आडवा छेद घेऊन पाहिला तर बाहेरच्या कडेला काळसर ठिपक्यांची दाटी दिसते आणि आत सरकावे तसे ठिपके विरळ होतात. हे ठिपके म्हणजे उभे तंतू, कांबेचे सगळे ओझे पेलणारे. म्हणून कारागीर तासतो ते आतल्या अंगाने, हिरव्या सालीला विळा लावत नाही. सालीवर ओरखडा पडला की तंतू तुटतो, आणि तुटलेल्या तंतूपासून चीर धावते. ती शोधायला उपकरण लागत नाही. कापसाचा बोळा घेऊन कांबेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचा. एखादे कुसळ उचकटले असेल तर कापूस तिथे अडकतो. डोळ्याला न दिसणारी इजा कापसाला सापडते. तेवढ्या जागी सुताचा घट्ट वेढा देऊन वर सरस लावला की कामठी आणखी काही वर्षे चालते. दुर्लक्ष केले तर तीच जागा मोडते.

दुसरी तपासणी वाकाची. कामठी चढवून हातभर अंतरावर धरायची आणि दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते पाहायचे. एक बाजू ताठ आणि दुसरी जास्त वाकत असेल तर नवशिका वाकणाऱ्या बाजूला काहीतरी करू पाहतो. करायचे असते उलट. ताठ बाजूच आतून थोडी-थोडी खरवडायची, दोन-चार वेळा अर्धी ओढायची आणि पुन्हा पाहायचे. यात घाई केली की कांब वाया जाते, कारण काढलेला बांबू परत लावता येत नाही.

वापराने कामठी टिकते, असे लोक म्हणतात तेव्हा त्यात थोडी गफलत असते. प्रत्येक ओढीला कांब थोडी झिजतेच. नुसत्या ओढण्याने तिचे वय वाढत नाही. वापरात असलेल्या कामठीकडे माणसाचे रोज लक्ष जाते, हा खरा फायदा. तिची दोरी काम झाले की उतरते, कुसळ वेळीच दिसते, भुकटी सांडलेली कळते, पूर्ण ओढण्याआधी चार-पाच वेळा अर्धी ओढून तिला मोकळे केले जाते. कोपऱ्यात पडलेल्या कामठीच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. मग दहा वर्षांनी कुणी पाहुणा येतो, ती उचलतो, ‘बघू बरं’ म्हणत थेट कानापर्यंत ओढतो आणि तीर न लावताच सोडून देतो. रिकामी सोडणे हा कामठीवरचा सर्वांत वाईट घाव. जो जोर तिराबरोबर निघून जायचा तो कांबेतच उलटा आदळतो. मोडलेल्या किती कामठ्यांच्या मागे असा एखादा पाहुणा असेल!

दोरी उतरवणे हा सगळ्या निगेचा गाभा. वाकलेल्या स्थितीत ठेवलेला बांबू हळूहळू तोच वाक धरतो आणि त्याची परत उसळण्याची ताकद कमी होते. उतरवलेली कामठी आडवी ठेवावी, दोन खुंट्यांवर. भिंतीला टेकवून उभी ठेवू नये. हा नियम सातपुड्यापुरता नाही. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस इशी १९१६मध्ये वारला. त्याच्याकडून तिरंदाजी शिकलेल्या सॅक्स्टन पोप या डॉक्टरने १९२३च्या आपल्या पुस्तकात त्याच्या सवयी लिहून ठेवल्या आहेत. इशी धनुष्य कधी उभे ठेवत नसे. उभे धनुष्य काम करतच राहते, त्याला घाम येतो आणि ते दुबळे होते, अशी त्याची समजूत. जमिनीवर ठेवलेले धनुष्य मुलांनी ओलांडलेलेही त्याला चालत नसे. आपल्याकडेही हत्यार ओलांडू देत नाहीत. समजूत काहीही असो, पायाखाली येऊन मोडण्यापासून वस्तू वाचते.

साध्या बांबूचे मोल कळते ते श्रीमंत धनुष्यांशी ताडून पाहिल्यावर. मोगल काळातले शिंग, लाकूड आणि कंडरा सरसाने जोडून केलेले धनुष्य लहान, देखणे आणि जबर ताकदीचे. पण आपल्या पावसाळ्यात त्याचा सरस ढिला पडे. शिलेखान्यात बिनघोर पडून राहावीत म्हणून हिंदुस्थानात पोलादी धनुष्येही घडवली गेली. ताकदीला ती शिंगाच्या धनुष्याच्या बरोबरीची नव्हती, पण हवेची पर्वा त्यांना नव्हती. भिल्लाच्या कामठीला जोडच नाही, त्यामुळे सुटायचेही काही नाही. बिघडली तर दुसरी कांब जंगलात उभी असते.

खानदेशात मात्र पावसाइतकेच उन्हाला सांभाळावे लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. पत्र्याखाली किंवा बंद गाडीत ठेवलेली कामठी तेव्हा इतकी कोरडी पडते की पूर्ण ओढली तर तडकते. ती सावलीत, हवेशीर ठेवावी आणि उन्हाळ्याच्या तोंडी तेलाचा पातळ हात द्यावा. जवसाचे तेल उत्तम, कारण ते सुकून त्याचा पापुद्रा धरतो. खाण्याचे शेंगदाणा तेल चिकट राहते आणि धूळ ओढते. सुताच्या दोरीला मेण चोळावे, बोटाला उष्णता जाणवेपर्यंत.

एवढी निगा राखायची ती कामठी ओढली जावी म्हणून. भिल्लांत तीर ओढताना अंगठा लावत नाहीत, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पकडीत तीर धरतात. त्याचा धागा एकलव्याशी जोडला जातो. हीच बांबूची कामठी घेऊन राजस्थानातला तिरंदाज लिंबाराम लहानपणी पाखरे टिपत असे. १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये तो भारताकडून उतरला. आपल्या सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा पोरांच्या हातीही ती ओढ आहे. आश्रमशाळांनी महागड्या परदेशी धनुष्याची वाट पाहत बसण्यापेक्षा गावातल्या कारागिराला बोलवावे, गवताचे लक्ष्य उभारावे आणि मुलांना कांब तासण्यापासून शिकवावे. खर्च नगण्य आहे, आणि शिकवणारे हात अजून आहेत.

ज्यांच्या घरी भिंतीवर कामठी आहे त्यांनी आज एवढे करावे: दोरी उतरवावी, कापूस फिरवून पाहावा, भुंग्याचे भोक दिसले तर ती पुन्हा कधीही ओढू नये. नवी घेणार असाल तर ती बाजारातल्या वॉर्निशवाल्याकडून न घेता कारागिराकडून घ्या, आणि सोबत एक जादा दोरी मागून घ्या.