हुप्प्या आणि म्हातारी वानरी

परंड्याच्या दोस्तांनो, आपल्याच जिल्ह्यातल्या उपळा गावात ३२ एकर जमीन चक्क माकडांच्या नावावर आहे! २०२२ साली ही बातमी पेपरात झळकली होती.

वानरांच्या कळपात मात्र घर चालतं ते बायकांचं. लेकी जन्मभर आईजवळ राहतात, मुलगे मोठे झाले की बाहेर. म्हणजे आज्या, मावश्या, बहिणी आणि बहुतेक वेळा एकच हुप्प्या.

१९६२ साली धारवाडच्या रानात युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकानं एक भयंकर प्रकार पाहिला. बाहेरच्या नरांनी जुन्या हुप्प्याला हाकललं आणि नव्या हुप्प्यानं कळपातली तान्ही पिल्लं मारली. काहींना वाटलं, दाटीवाटीनं वानरांचं डोकं फिरलं असेल.

हेच तपासायला सारा हर्डी ही अमेरिकन विद्यार्थिनी १९७१ मध्ये अबूच्या डोंगरावर आली. पाहते तो काय, दाटीतले कळप शांतच! हल्ले व्हायचे ते नवा हुप्प्या आल्यावर. अंगावर पिणारं पिल्लू असेतो मादी पुन्हा गाभण राहत नाही आणि हुप्प्याची सद्दी तर दोन-तीन वर्षांचीच. त्याला घाई असते ती स्वतःच्या पिल्लांची.

मग माद्या गप्प बसतात? छे! सोल नावाची एक म्हातारी वानरी हुप्प्याच्या अंगावर धावून गेली, नि पिल्लू सोडवलं. ते तिचं नव्हतं. पण नात्यागोत्यातलं असणारच.

रस्त्याकडेला कळप दिसला तर लांबूनच बघा (खाऊ मुळीच देऊ नका हं!). काळसर तान्हं पिल्लू किती जणींच्या कुशीत फिरतं, ते मोजा.