नामांतर फाइलींचे, कागद तोच

जात पडताळणीच्या अर्जाची वेळ आली की आपल्या घरातली पत्र्याची पेटी उघडते. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, वडिलांचा जातीचा दाखला, आत्याची पदवी. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, म्हणून त्यातला एखादा पिवळा पडलेला कागद लाखमोलाचा असतो. आता असे कागद मोबाइलवर टिपून संगणकात ठेवले जातात, हे चांगलेच झाले. पण तिथे त्यांना नावे पडतात ती 'स्कॅन ००१', 'स्कॅन ००२' अशी! चौघांचे चाळीस कागद झाले की पेटी बरी होती असे वाटते.

यावर उपाय म्हणजे शेल स्क्रिप्ट. नावाला बिचकू नये. साहेबाने शिपायाला कामांची चिठ्ठी लिहून द्यावी, तसे संगणकाचे हुकूम एका साध्या फाइलीत ओळीने लिहून ठेवायचे, इतकेच. लिनक्सवर ही सोय असते आणि लिनक्सला पैसे पडत नाहीत.

चित्रात काय आहे ते स्क्रिप्टला कळत नाही. ते आपणच पाहून यादी करावी: जुने नाव, नवे नाव, कुणाच्या कप्प्यात जायचे. नव्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घालावा. कागद आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. नावात मोकळी जागा सोडू नये, नाहीतर शेल एकाची दोन नावे समजतो. मग स्क्रिप्ट यादीतली एकेक ओळ वाचते आणि 'एमव्ही' या हुकमाने फाइलीचे नाव बदलून तिला योग्य कप्प्यात हलवते.

धोका इथेच आहे. दोन भावांच्या दाखल्यांना चुकून एकच नाव पडले, तर 'एमव्ही' न विचारता पहिल्यावर दुसरा चढवतो. पहिला गेला! म्हणून 'एमव्ही'ला 'उणे एन' जोडावे. मग दुसरी फाइल जुन्या जागीच थांबते. त्याआधी हुकमापुढे 'एको' लिहून एकदा चालवून पाहावे. काय होणार ते पडद्यावर दिसते, फाइल मात्र हलत नाही.

आपल्या शहराची आणखी एक मेख आहे. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला, २०२३ साली शहराचे नाव बदलले. माणसाला ठाऊक असते की गाव तेच. संगणकाला ती दोन ठिकाणे वाटतात. फाइलींच्या नावातले 'औरंगाबाद' एका ओळीच्या हुकमाने बदलता येते. बदलावे का? आमचे मत असे की कागदावर छापले आहे तेच फाइलीला ठेवावे, कारण पडताळणीत ताडून पाहतात तो कागद. कप्प्याला मात्र शहराचे नव्हे, माणसाचे नाव द्यावे.

काम झाल्यावर जुन्या कप्प्यात काय उरले ते पाहावे. तिथे राहिलेली फाइल एकतर यादीत आलेली नसते, नाहीतर तिचे नाव दुसरीशी जुळलेले असते. सगळ्या चित्रांची एक प्रत आधीच पेनड्राइव्हवर काढलेली असावी. आणि पेटी भंगारात देऊ नये. मूळ कागद कधीही मागतात.